आधी भाव ठरवा, मग रील टाका

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांनी लाकडी नंदी ओढत न्यायच्या सणाच्या, चार दिवस आधी लाकडी नंदीची रील टाकायची. ती लाखभर लोकांनी पाहायची, खाली "मस्तच भाऊ", "कितीले देता?", "पुण्याले भेटन का?" अशा कमेंटांची रांग लागायची, आणि शेवटी दोन नंदी विकले जायचे, तेही शेजारच्या गावात. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत नव्यानं सोशल मीडियावर आलेल्या कितीतरी कलाकारांची हीच गोष्ट असते. नंदीच्या जागी बांबूची डाली (टोपली), भिंतीवरचं चित्र, खंजिरीवरचं भजन किंवा वऱ्हाडी कविता ठेवा, फरक पडत नाही. लोकांना काम आवडतं. पण आवडलेली वस्तू मागायची कुठे, पैसे कसे द्यायचे, घरी कधी येणार, हे त्यांना कळत नाही. आणि बरेचदा कलाकाराचंही ते ठरलेलं नसतं.

म्हणून हा लेख उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी भाव, नंबर आणि पार्सल, मग फोटो आणि व्हिडिओ. अकाउंट वाढवायच्या युक्त्या सगळ्यात थोड्या आहेत, कारण त्यांचा उपयोगही थोडाच होतो.

१. भाव वहीत लिहा

एका वस्तूला काय काय लागतं ते मांडा: कच्चा माल, रंग, तुमचा वेळ, पॅकिंग. यातला वेळ सगळे सोडून देतात. "घरीच तर बसून करतो, त्याचे काय पैसे लावाचे?" लावायचे. अंदाज येत नसेल तर रोजगार हमीचा दर पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये ठरला. ज्या कामाला हात बसायला वर्षं गेली, ते यापेक्षा कमी मजुरीत विकायचं काही कारण नाही. तुमच्या तालुक्यात सुतार किंवा गवंडी दिवसाचे जे घेतो, त्याच्या आसपास धरा.

समजा एका नंदीला लाकूड २५० रुपयांचं, दीड दिवसाचं काम दिवसाला ५०० प्रमाणे ७५०, रंग आणि चाकं १२०, खोका आणि गुंडाळायचं सामान ६०. झाले ११८०. हा नुसता खर्च झाला. एखादा नंदी तडकतो, एखादा वर्षभर घरात पडून राहतो, त्याचा भार बाकीच्यांवर येतोच. १३५० लावा, टपालखर्च वेगळा.

गावात कोणी हाच नंदी ५०० ला मागेल. त्याच्यासाठी लहान, बिनरंगाचा, कमी वेळात होणारा नंदी वेगळा ठेवा. मोठ्याचा भाव पाडू नका. आणि "घरचाच माणूस हाय, एखादा असाच दे न" म्हणणारे मामा-काका येतीलच. द्यायचं असेल तर घरी बोलावून हातात द्या. उघड कमेंटमध्ये एकालाही सूट दिली की पुढच्या दहा जणांसाठी तोच भाव ठरतो.

भजन मंडळ, खडीगंमत (लोकनाट्य), निवेदक, कवी यांनीही हेच करायचं. मानधन किती, जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा, साउंड कुणाचा, किती तास, हे एका कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कोणी विचारलं की तोच पाठवायचा. फोनवर बोलता बोलता ठरलेलं मानधन कार्यक्रमाच्या रात्री हमखास कमी होतं.

ठरलेला भाव पोस्टमध्येच लिहा. "किंमत इनबॉक्समध्ये" हे लिहिणं मला तरी पटत नाही. विचारायला संकोचणारा माणूस तिथूनच परत जातो, आणि न संकोचणारे विचारतात ते घासाघीस करायला.

२. नंबर वेगळा करा

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. दुसरं सिम असेल तर त्यावर सुरू करा, म्हणजे घरच्या ग्रुपांमध्ये गिऱ्हाईक हरवत नाही. यातल्या तीन गोष्टी खरंच कामाच्या आहेत. पहिली कॅटलॉग: प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, भाव एकदा भरून ठेवा, विचारणाऱ्याला लिंक गेली की तेच तेच टाइप करावं लागत नाही. दुसरी, तयार उत्तरं: "पार्सलला किती दिवस लागतात", "रंग बदलून मिळेल का" अशा नेहमीच्या प्रश्नांची. तिसरी, तुम्ही शेतात असताना आपोआप जाणारा निरोप: "सध्या कामात आहे, संध्याकाळी सातनंतर उत्तर देतो." हा एक निरोप नसल्यामुळे गेलेली गिऱ्हाइकं कुणाला दिसतच नाहीत.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे. त्यामुळे वस्तू विकतानाच सांगा, "नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या सणाला नवीन माल दाखवतो."

बायांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. अकाउंट तुमच्या नावाचं, सिम तुमच्या नावाचं आणि पैसे येतात ते बँक खातंही तुमचंच असू द्या. टोपल्या बाईनं विणायच्या आणि यूपीआय नवऱ्याचं किंवा दिराचं, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते. धंदा वाढला की त्याचा त्रास सुरू होतो. घराचा पत्ता कुठेही टाकू नका. गाव आणि तालुका पुरतो. अनोळखी गिऱ्हाईक वस्तू घ्यायला येत असेल तर तालुक्याच्या बाजारात किंवा बचत गटाच्या जागी बोलवा.

३. पैसे आणि पार्सल

सांगून बनवून घ्यायच्या वस्तूला निम्मे पैसे आधी घ्या. हे नियमासारखं सगळ्यांना सारखं सांगा, म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. पैसे आले की नाही ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, तो बनवता येतो.

नवीन विक्रेत्यांना गाठणारी एक ठरलेली फसवणूक आहे. फोन येतो, समोरचा सांगतो मी फौजेत आहे, दहा नग पाहिजेत, भाव अजिबात करत नाही, आणि पैसे पाठवायला म्हणून एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. पैसे घेताना ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. तसं झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

सुतार, कुंभार, टोपल्या-चटया विणणारे, मूर्तिकार, खेळणी करणारे असे १८ व्यवसाय पीएम विश्वकर्मा योजनेत आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली आणि तिची नोंदणी गावाजवळच्या सेवा केंद्रावर होते. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे १ रुपया मिळतो, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे. खरा फायदा प्रशिक्षण आणि अवजारांच्या मदतीचा.

पार्सलचा सराव पहिल्या ऑर्डरच्या आधी करा. एक वस्तू बांधा आणि पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या नातेवाइकाला खरंच पाठवा. किती लागले, किती दिवसांत पोचली, काय मोडलं, सगळं कळतं. गावच्या शाखा डाकघरात मोठं पार्सल घेतात का ते आधी विचारा, नाहीतर तालुक्याला जावं लागेल. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा "रजिस्ट्री करा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पीड पोस्टचाच भाव सांगा.

बांबूवाल्यांनो, तुमचा माल हलका पण जागा खाणारा. खासगी कुरिअरवाले अशा वेळी वजन सोडून आकारावर पैसे लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, येईल ते किलो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ५० सेंटिमीटर असलेली डाली घरच्या काट्यावर दीड किलोही भरणार नाही, पण या हिशेबात २५ किलोची होते. म्हणून एकात एक बसणाऱ्या तीन डाल्यांचा संच विका. तिन्हींना भाडं एकीचंच लागतं. नंदीची शिंगं आणि कान आधी मोडतात. त्यांना वेगळं गुंडाळा, आणि बांधतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. "मोडका पाठवला" म्हणणाऱ्याशी बोलताना तो उपयोगी पडतो.

४. एकच दुकान मांडा

इथवर झालं की मग अ‍ॅप. सगळीकडे एकदम अकाउंट उघडू नका. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, त्याच्या जोडीला एक निवडा.

डोळ्यांनी पाहून घ्यायची वस्तू असेल, म्हणजे चित्र, बांबू, लाकूड, माती, करवतकाठी साडी, तर इन्स्टाग्राम. ऐकायचं किंवा शिकवायचं काम असेल, भजन, कविता, खंजिरी, नक्कल, तर यूट्यूब. तिथला व्हिडिओ दोन वर्षांनीही शोधून सापडतो, रील आठवड्यात मागे पडते. गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं असेल किंवा गाव सोडून गेलेले लोक तालुक्याच्या नावाच्या ग्रुपमध्ये जमत असतील तर फेसबुक.

यूट्यूबवरून जाहिरातींचे पैसे मिळतात म्हणून पुष्कळ पोट्टे तिकडे वळतात. त्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू, अशी अट आहे. नवख्यानं हे डोक्यातून काढलेलं बरं. एक भजनाचा कार्यक्रम ठरला तर त्याचं मानधन या वाटेनं वर्षभरात येणाऱ्या पैशापेक्षा जास्त असू शकतं.

५. फोटो: ऊन, छपरी आणि सारवलेली भिंत

महाग मोबाइल लागत नाही. विदर्भात उजेड फुकट आणि भरपूर आहे, खरं म्हणजे जरा जास्तच. उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर बाहेर काढलेल्या फोटोत वस्तूचा एक भाग पांढरा पडतो आणि दुसरा काळा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. दुपारीच काढायचा असेल तर छपरीत, म्हणजे पडवीत, या: वस्तू सावलीत, पण उघड्या बाजूला तोंड करून ठेवा. ज्या बाजूनं अंधार वाटतो तिकडे पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा धरला की उजेड परत वस्तूवर पडतो. फ्लॅश बंद.

लेन्स पुसा. हे वाचून हसू येईल, पण शेतातली धूळ आणि हाताचं तेल लागलेल्या लेन्समुळे जेवढे फोटो धुरकट येतात तेवढे स्वस्त मोबाइलमुळे येत नाहीत.

मागे काय दिसतं ते पाहा. आपल्याकडची शेणानं सारवलेली जमीन, मातीची भिंत, तागाचं पोतं, यांच्यासमोर लाकूड आणि बांबू फार छान उठून दिसतात. तरी लोक मागे फुलाफुलांची प्लास्टिकची चादर लावतात. ती काढा. दोरीवरचे कपडे, गॅस सिलिंडर आणि टीव्हीसुद्धा चौकटीच्या बाहेर ठेवा.

एका वस्तूचे चार फोटो पुरतात: पूर्ण वस्तू समोरून, जवळून एखादा बारकावा (विणीची गाठ, नंदीचा डोळा), हातात धरलेली म्हणजे आकार कळेल अशी, आणि वापरातली. हातात धरलेला फोटो वगळू नका. "एवढूसाच हाय का?" ही तक्रार पार्सल उघडल्यावर ऐकण्यापेक्षा आधी माप दाखवलेलं बरं. लिहितानाही इंच किंवा फूट लिहा. "मीडियम साइज" म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं.

फोटो उभा काढा. वस्तूवर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो, त्याचा उपयोग करा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे पाठवून मग इन्स्टाग्रामवर टाकू नका, तो दाबला जाऊन खराब होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

६. व्हिडिओ: हात दाखवा, आपल्या बोलीत बोला

तयार वस्तू फिरवून फिरवून दाखवणारी रील कंटाळवाणी होते. होत असलेली वस्तू लोक पाहतात. बांबूची कामटी (पातळ पट्टी) सोलताना निघणारा लांब पातळ पापुद्रा, लाकडाच्या ठोकळ्यातून पहिल्यांदा दिसणारं वशिंड, चाकावर उभी राहणारी घागर. असा क्षण पहिल्या दोन-तीन सेकंदांत आणा. "नमस्कार मित्रांनो, माझ्या पेजवर तुमचं स्वागत आहे" इथपर्यंत थांबायला कोणाला वेळ नाही.

बोलताना पुण्याच्या बातमीदारासारखं बोलायचा प्रयत्न करू नका. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास वऱ्हाडीत शिकवणारे वर्ध्याचे नितेश कराळे महाराष्ट्रभर पोचले ते त्याच बोलीत. "हे पाहा, ह्या ओल्या कामट्या हायेत, आता यायची डाली होते" एवढं पुरतं. तुमची बोली झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) असेल तर तीच ठेवा, वऱ्हाडीची नक्कल करू नका; भंडारा-गडचिरोलीचा माणूस दुसऱ्या वाक्याला ओळखतो. वाक्यं मात्र पडद्यावर मराठीत लिहा, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. बोली ठेवायची म्हणजे दर वाक्यात शिवी घालायची असा एक समज रिलवाल्यांनी करून घेतला आहे. हसू येतं, व्ह्यू येतात, पण रुखवताची ऑर्डर देणारी बाई ते घरात लावू शकत नाही.

आवाजासाठी पंखा बंद करा आणि डीजे वाजत नाही अशी वेळ पाहा. इअरफोनच्या वायरीवरचा माइक शर्टाला छातीजवळ अडकवला तरी मोठा फरक पडतो. खंजिरी किंवा ढोलकी असेल तर मोबाइल वाद्यापासून पाच-सहा फूट लांब ठेवा, जवळ ठेवलात तर आवाज फाटतो. रिकाम्या स्लॅबच्या खोलीत घुमतं. भिंतीला दोन वाकळी टांगा.

गाणं जोडताना सावध. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केलं की सिनेमातली बरीचशी गाणी दिसेनाशी होतात, कारण व्यापारी वापराचे हक्क वेगळे असतात. क्रिएटर अकाउंट ठेवलं तर जास्त गाणी मिळतात. पण तासणीचा, सोलण्याचा, चाकाचा मूळ आवाज ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते तो ऐकायलाही जास्त चांगला असतो.

नेटवर्क हा आपल्याकडचा मोठा अडथळा. मेळघाटात, भामरागडकडे किंवा जंगलपट्टीत कुठेही व्हिडिओ चढता चढत नाही. गावात काढा, कॅप्शन लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा आणि आठवडी बाजाराला तालुक्याला गेलात की टाका. सेटिंगमध्ये उत्तम दर्जाचं अपलोड चालू करायचा पर्याय आहे, तो तिथे चालू करा.

७. हंगाम पाहून टाका

रोज एक पोस्ट टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो शहरातल्या, दिवसभर मोबाइल हातात असणाऱ्यांसाठी ठीक आहे. इथे पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीत कोणाला उसंत नसते. त्यापेक्षा वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि आपल्या वस्तूचा हंगाम कोणता, त्याच्या आधी किती दिवस लागतात, ते मागे मोजत या.

नंदीचंच पाहू. पोळा श्रावण अमावस्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. आषाढात लाकूड तासतानाचे व्हिडिओ टाका, भाव न सांगता. नागपंचमीला भाव आणि मापं जाहीर करून ऑर्डर घ्यायला सुरुवात. राखीपौर्णिमा अमावस्येच्या १५ दिवस आधी येते; त्या आठवड्यात टपालात राख्यांची गर्दी असते, पार्सल अडकतं. म्हणून बाहेरगावच्या ऑर्डर राखीपौर्णिमेला बंद करा आणि ती शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून सांगत राहा. उरलेले दोन आठवडे फक्त जवळपासची गिऱ्हाइकं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुमचा नंदी ओढत नेणाऱ्या लेकरांचे फोटो गिऱ्हाइकांकडूनच मागवा, आईबापांची परवानगी घेऊन. पुढच्या वर्षी आषाढात तेच कामी येतात.

भुलाबाईच्या (मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या) मातीच्या मूर्तींचा काळ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा. रुखवताच्या वस्तू तुळशीच्या लग्नानंतर मागतात, पण ठरवतात दिवाळीला माहेरी आल्यावर. यात एक गिऱ्हाईक सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे: पुण्या-मुंबईला, हैदराबादला नोकरीला गेलेलं आपलं माणूस. त्याच्या लेकराला तिथे लाकडी नंदी सहज मिळत नाही, भुलाबाई तर माहीतच नसते. फॉलोअर शोधायच्या आधी आपल्या फोनमधले गाव सोडून गेलेले पन्नास लोक काढा. वर्गमित्र, मावसबहिणी, बदली होऊन गेलेल्या मॅडम. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा, नाव घेऊन. "माझ्या पेजला लाइक करा" म्हणू नका. "हे बनवतोय, तुमच्या सोसायटीत कोणाला पाहिजे असेल तर सांगा" म्हणा.

झाडीपट्टीच्या कलाकारांचा हंगाम दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर झाडीपट्टी रंगभूमीचं नाव बाहेर पुष्कळांनी ऐकलं, पण नाटकं ठरतात ती अजून गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटक मंडळांच्या कार्यालयांतूनच. मग सोशल मीडिया कशासाठी? गावचा प्रयोग ठरल्यावर तारीख, गाव, वेळ आणि तिकीट कुठे हे एका फोटोत टाकण्यासाठी, आणि कलाकार म्हणून तुमची भूमिका पुढच्या वर्षी मंडळांना दिसावी म्हणून. दोन मिनिटांचा प्रवेश टाका. पूर्ण नाटक कधीच टाकू नका, आणि तो प्रवेशही मंडळाला आणि लेखकाला विचारून. रात्रभराचं नाटक मोबाइलवर फुकट दिसलं तर पुढच्या गावानं ते का ठरवावं?

वर्षभराचा साठा उन्हाळ्यात करा. शेतीची कामं कमी असतात. पंधरा-वीस छोटे व्हिडिओ काढून ठेवले की खरिपात आठवड्याला एक सोडत राहता येतं.

८. नाव, ओळख, हॅशटॅग

पटकन उरकू. अकाउंटच्या नावात तुमचं नाव किंवा गाव आणि काम असू द्या. "किंग", "ऑफिशियल" आणि पुढे चार आकडे नकोत. ओळखीत तीन ओळी: काय बनवता, कुठे, ऑर्डर कशी द्यायची. खाली व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर अडकवून ठेवता येतात. एक भावाची, एक बनवतानाची, एक खूश गिऱ्हाइकाची. हॅशटॅग तीन-चार बस. त्याऐवजी कॅप्शनमध्ये लोक शोधतात ते शब्द साधेपणानं लिहा, "तान्हा पोळा लाकडी नंदी", आणि तेच एकदा इंग्रजी अक्षरांतही, कारण पुष्कळ मराठी माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात. फॉलोअर विकत देणारे, निळी खूण मिळवून देतो म्हणणारे, अकाउंट बंद होणार म्हणून लिंक पाठवणारे, तिघांनाही ब्लॉक. दोन टप्प्यांची सुरक्षा पहिल्याच दिवशी चालू करा.

९. चोरी आणि परवानगी

तुमचं चित्र किंवा कविता कोणी स्वतःच्या नावानं टाकेल, हे गृहीत धरा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे मूळ कलाकृती तयार झाली की हक्क आपोआप तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क हयातभर व त्यानंतर ६० वर्षं राहतो. पुरावा म्हणून अर्धवट कामाचे तारखेसह फोटो ठेवा. चित्रावर नाव टाकायचं तर कोपऱ्यात नको, तिथून ते कापलं जातं. चित्राच्या आतच कुठेतरी बारीक अक्षरांत टाका. चोरी सापडली तर आधी साधा निरोप पाठवा, मग अ‍ॅपवरचा कॉपीराइटचा फॉर्म भरा. कमेंटमध्ये भांडलात तर त्याचीच पोस्ट वर जाते.

पारंपरिक नक्षी मात्र कोणा एकाची नसते. गोंड, माडिया, कोरकू वस्तीतली चित्रं, नाच, विधी मोबाइलमध्ये घेऊन स्वतःच्या पेजवर टाकणारे पुष्कळ झाले आहेत. त्या समाजातले नसाल तर विचारा, आणि कुणाकडून शिकलात ते लिहा. पूजेचं काही असेल आणि नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

१०. वही, आणि मोठी ऑर्डर

व्ह्यू मोजू नका. वहीत चार रकाने आखा: कोणी विचारलं, कुठून, कोणती पोस्ट पाहून, घेतलं की नाही. एका हंगामानंतर वही उघडली की कळतं, नागपूरवाले फोटो पाहून घेतात, पुण्याच्या बाया बनवतानाचा व्हिडिओ पाहून. आणि ज्या रीलला सगळ्यात जास्त व्ह्यू आले तिच्यावरून एकही ऑर्डर नाही. जाहिरातीवर पैसे लावायचेच असतील तर ही वही भरल्यावर लावा, विकून देणाऱ्या पोस्टवर, ज्या शहरातून ऑर्डरी येतात तिथे आणि हंगामाच्या आधी.

कधीतरी शहरातल्या दुकानदाराचा निरोप येईल: "२०० नग पाहिजेत, भाव काय लावता?" पहिल्यांदा असा निरोप येतो तेव्हा माणूस हुरळून अर्ध्या भावात हो म्हणतो. त्या दिवशी उत्तर देऊ नका. "उद्या हिशेब करून कळवतो" एवढं लिहा आणि वही घ्या. २०० नंदी म्हणजे दीड दिवसाप्रमाणे एका माणसाचे ३०० दिवस. सोबत कोण बसणार, लाकूड उधारीवर मिळेल का, पावसाळ्यात रंग वाळेल का, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्या दिवशी उत्तर असं द्या: आम्ही ४० नग अमुक तारखेपर्यंत देऊ, एका नगाचा भाव इतका, निम्मे पैसे आधी, वाहतूक तुमची, वस्तूखाली आमचं आणि गावाचं नाव राहील. माल त्याला खरंच पाहिजे असेल तर तो पुन्हा फोन करतो.